उस्तादाचा कान

माझ्या बापाला ऐकू येत नाही, ही गोष्ट आमच्या घराबाहेर कुणालाच माहीत नव्हती. ती कळून चालणारही नव्हती. वारंगा फाट्यावरचं आमचं गॅरेज चालायचं ते बापूच्या कानावर.

लालसिंग उस्ताद नुसतं ऐकून इंजिन सांगतो, ही त्याची ख्याती. जुनी डिझेल गाडी घ्यायची म्हटली की लोक आधी ती आमच्या शेडपुढं आणून उभी करायचे. बापू डोळे मिटायचा, रेडिएटरजवळ कान न्यायचा, मिनिटभर थांबायचा आणि मग सांगायचा, दुसरं नोझल गळतंय, किंवा रिंगा गेल्यात, किंवा घेऊन टाका, डोळे झाकून घ्या. पस्तीस वर्षं ज्या कानानं डिझेलची टकटक ओळखली, त्या कानाची शेवटी त्याच टकटकीनं वाट लावली. अडीच वर्षांपूर्वी उजवा गेला आणि सहा महिन्यांत डावा. मी म्हटलं, यंत्र आणू. तर म्हणाला, "कानात मशीन घातलेल्या मेकॅनिकला गाडी कोण दाखवील?" त्यात खोटं काही नव्हतं.

तेव्हापासून ऐकायचं काम माझं. मी शिला, त्याची एकुलती एक पोर. आयटीआयला डिझेल मेकॅनिक शिकले, आणि गेली सात वर्षं आमच्या शेडमध्ये उतरलेलं प्रत्येक इंजिन माझ्या हाताखालून गेलं. गिऱ्हाइकांच्या लेखी मात्र मी बापाला पाने देणारी पोरगी. आम्ही दोघांनी खुणा ठरवल्या होत्या. मी समोर उभी राहायचे. ओढणी खांद्यावर टाकली की इंजिन ठीक. वेणी पुढं घेतली की नोझल, आणि वेणीवर जितकी बोटं तितव्या नंबरचं. हात कमरेवर ठेवला की सिलिंडरचा बोर झिजलाय. डोळे मिटलेला बापू पापणीच्या फटीतून बघायचा. शिवाय पेचकसाचं, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरचं, टोक इंजिनावर टेकवून त्याची मूठ तो दाताखाली धरायचा. तेवढ्यानं हादरा त्याच्या हाडापर्यंत जायचा. लोकांना वाटायचं, उस्तादानं नवी तरकीब काढली. फाट्यावरच्या दोन-तीन मेकॅनिकांनी ती उचललीसुद्धा. आता चांगले कान असलेली माणसं पेचकस चावत उभी असतात.

आता आमचं गाव, माळसावंगी. आमचा तांडा त्याला चिकटून, टेकाडावर. माळसावंगीत दोन जुन्या जीपा आहेत आणि त्या जीपांमुळं दोन मोठी माणसं आहेत. एक विश्वंभर पाटील, दुसरे उकंडराव. दोघांकडं चारचार एकर हळद, दोघांची पोरं पुण्यात, दोघांच्या दारात नव्या पांढऱ्या गाड्याही उभ्या. पण नवी गाडी काय, कुणीही हप्त्यावर आणतं. अंगावर येऊन बोलायचं असलं की दोघंही जुन्या जीपेवर बोलतात.

पाटलाच्या जीपेत आहे ते इंजिन आमच्याकडं 'फ्रेंच मशीन' म्हणून ओळखलं जातं. नमुना तिकडचा, म्हणून नाव तसं. त्यात डिझेल आधी एका लहान खोलीत पेटतं आणि मग सिलिंडरमध्ये उतरतं. त्यामुळं आवाज मऊ. थंडीत हीटर दिल्याशिवाय मात्र ते डोळा उघडत नाही. उकंडरावाचं इंजिन ट्रॅक्टरच्या कुळातलं. डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावर. आवाज मळणीयंत्राचा, पण हाफ सेल्फमध्ये चालू आणि ओढ अशी की चिखलातून भरली ट्रॉली काढावी.

त्या दोघांत चांगलं कोणतं, हे पारावर रोज ठरायचं आणि रोज मोडायचं.

"आवाज ऐका हो माझ्या मशीनचा," पाटील म्हणायचे. "बॉनेटवर पाण्याचा गिलास ठेवा, थेंब सांडणार न्हाई."

"गिलास ठेवायलाच कामाचं हाय ते," उकंडराव म्हणायचे. "वजन काय वढतंय? आमच्या मशीनला टर्बो लावला, पंप सोडला. धूर पाहा कसा मारून राहिलं!"

धूर काळा म्हणजे ताकद जास्त, असा उकंडरावांचा पक्का समज. तो धूर म्हणजे न जळालेलं, त्यांच्याच खिशातलं डिझेल, हे त्यांना कोण सांगणार? त्यांच्या मागून मोटारसायकलवर जाणारी माणसं घरी जाऊन दोनदा तोंड धुतात, पण तीही पारावर बसून म्हणतात, काय ताकद आहे!

मला कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. रोज थोडं चालवायचं असेल, पाणी-ऑइल वेळेवर बघायचं असेल, तर फ्रेंच मशीन तीन लाख किलोमीटर कुरकुर करत नाही. फक्त पाणी कमी पडू देऊ नका, त्याचं हेड नाजूक. आणि ताकद वाढवायची हौस असेल तर दुसरं घ्या. त्याचा ब्लॉक जाड, टर्बो सोसतो. पण पंपातून डिझेल बेतानं सोडा, नाहीतर पिस्टन वितळून हातात येईल. एवढीच गोष्ट आहे. पण मला कुणी विचारत नव्हतं, आणि ज्याला विचारत होते त्याला प्रश्न ऐकू येत नव्हता.

दोघांची एक बढाई मात्र सारखी होती. "आमचं इंजिन अजून खोललं न्हाई. कंपनीतून आलं तसं हाय." खेड्यात न खोललेल्या इंजिनाचा केवढा तोरा! पाटलांची जीप दीड वर्षापूर्वी ताडपत्री टाकून, ओढत, दुपारच्या सामसुमीत आमच्याकडं आली होती. हेड मी उतरवलं, एकदा नाही, दोनदा. उकंडरावांच्या ब्लॉकला चार लायनर मी घातले. दोघांनीही बापूला वेगवेगळं बाजूला घेऊन कानात सांगितलं होतं, उस्ताद, ही गोष्ट तुमच्या-माझ्यात. बापूनं मान हलवली होती. त्याला एक अक्षर कळलं नव्हतं. पत्र्याआडून ऐकलं होतं मी, म्हणून शपथ मी पाळली.

माळसावंगीत पोळ्याचा पहिला मान पाटीलकीवर नाही. गावातली सगळ्यात वयस्कर आणि तरी खणखणीत अशी बैलजोडी तोरणाखालून आधी जाते, अशी जुनी रीत. पण मोठ्या घरांतले बैल गेले. उरल्या तीन जोड्या, त्याही हरिचंदसारख्या दोन-तीन एकरवाल्यांच्या. आता हरिचंदची जोडी पुढं आणि पाटील मागं, हे कसं दिसणार? म्हणून तीन वर्षांपूर्वी ठरलं की रीत तीच, फक्त बैलाच्या जागी इंजिन. सगळ्यात वयस्कर आणि तरी खणखणीत. खरे बैल जीपांच्या मागं, धुरात उभे राहतात. गेल्या पोळ्याला दोन्ही जीपा एकदम तोरणात घुसल्या, एकमेकींत अडकल्या आणि तोरण तुटलं. म्हणून यंदा पंच नेमायचं ठरलं. पंच कोण? लालसिंग उस्ताद. दुसरं नाव निघालंच नाही.

निरोप आला त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला. आपल्या शेडपुढं एका गाडीचं ऐकणं वेगळं आणि सगळ्या गावासमोर ऐकणं वेगळं. एकदा का कळलं की उस्ताद बहिरा आहे, तर उद्यापासून शेडपुढं कुत्रं फिरकणार नाही. बापूला मी खुणेनं म्हटलं, आजारी पड. तो म्हणाला, "पस्तीस सालांत मानानं बोलावलंय पहिल्यांदा. जातो."

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी झाली. बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळतात. जीपेला खांदा नाही, म्हणून मडगार्डला चोळलं. दुसऱ्या दिवशी आरशांना बेगड लागली, हुडावर झूल आली, बंपरला घुंगरं बांधली. दोन्ही जीपा वेशीपाशी बॉनेट उघडून उभ्या केल्या. मागं हरिचंदची जोडी, तिला एक साधी माळ.

तोरणाचं सगळं दगडोबाकाकांकडं. ऐंशीच्या घरातला माणूस. रीतीभातीत त्यांचा शब्द शेवटचा. ते काठी आपटत पुढं आले.

"ऐका. पोळ्याला आपून बैलाला चाबूक लावत न्हाई, जू ठेवत न्हाई. व्हय का न्हाई?"

"व्हय," गाव म्हणालं.

"मंग आज इंजिनला पाना लावायचा न्हाई, पेचकस लावायचा न्हाई, हात बी लावायचा न्हाई. उस्तादानं निस्तं कानानं सांगायचं."

मी पुढं झाले. "काका, हात लावल्याबिगर कसं कळंल?"

"काहून? तुझा बाप कानानंच सांगतो ना?"

 मी बापूकडं वळून मूठ मिटली आणि नाही म्हणून मान हलवली. त्यानं ओळखलं. पेचकस खिशात परत टाकला, जरा विचार केला आणि पायातल्या चपला काढून ठेवल्या. लोकांना वाटलं, तोरणाचा मान राखला. मला कळलं, तळव्यांनी ऐकायचं ठरवलंय.

आधी उकंडरावांची जीप. चालू झाली तशी वेशीवरची कबुतरं उडाली. जमीन नुसती थरथरत होती. ते इंजिन बहिऱ्याला काय, मेलेल्यालाही ऐकू गेलं असतं. तिसरं नोझल गळत होतं. मी वेणी पुढं घेतली, तिच्यावर तीन बोटं ठेवली. बापूनं मिनिट पुरं केलं.

"मशीन दमदार हाय," तो म्हणाला. "तिसरं नोझल जरासं गळून राहिलं. बाकी बराबर."

गाव हरखलं. उकंडराव आधी नोझलवर खट्टू झाले, मग 'दमदार' आठवून सावरले. "पाहा, हात न लावता! सगळ्या जिल्ह्यात असा कान न्हाई!" ते ओरडले. इंजिन बंद झालं.

मग पाटलांची. हीटर दिला, मशीन चालू झालं, मऊ, एका लयीत. मी ओढणी खांद्यावर टाकली. आणखी पन्नास सेकंद, की सुटलो. बापू डोळे मिटून, कान पुढं करून उभा.

तेवढ्यात पाटलांची बायको सखुबाई ताट घेऊन आली. ताटात पुरणपोळी.

"तोरणाच्या आंदी बैलाला भरवतात," ती म्हणाली. "ह्याला उपाशी कसं न्यायचं?"

"बराबर," पाटील म्हणाले. "पण ह्याचं तोंड कोणतं?"

सगळे इंजिनात डोकावले. दगडोबाकाकांनी काठीनं एअर फिल्टरची नळी दाखवली. "वारा तिथून आत वढून राहिलं. मंग तोंड तेच."

"काकू, थांबा!" मी ओरडले. "तिथं नका लावू!"

सखुबाईनं पोळीची घडी नळीपाशी धरली. डिझेल इंजिन हवा ओढतं ती थट्टेनं ओढत नाही. पोळी सर्रकन आत गेली.

"खाल्ली!" कुणीतरी किंचाळलं. "नैवेद्य खाल्ला!"

झालं! सगळं गाव मोबाईल वर धरून पुढं सरकलं. माझ्या आणि बापूच्या मधे पाठींची भिंत उभी राहिली. दोन खांद्यांमधून मला दिसलं: इंजिनानं काळा धूर टाकला, एक आचका दिला, दुसरा दिला आणि पोळी घशात अडकून बंद पडलं. पंखा फिरायचा थांबला. हळूहळू लोकही गप्प झाले.

बापू डोळे मिटून उभाच. पापणीची फट त्यानं उघडली असेल तरी समोर मी नव्हते, फेटे होते. तळव्यांना काही लागत नव्हतं. पण फ्रेंच मशीन मुळात मऊ, तेव्हा त्याला वाटलं असावं, असंच असतं. "बापू!" मी हाक मारली. कुणाला हाक मारत होते मी! त्यानं मिनिट पुरं केलं आणि बंद इंजिनापुढं मान डोलावली.

"वा!" तो म्हणाला. "चारी सिलिंडर सारखे. असं मऊ मशीन मी सालभरात ऐकलं न्हाई. पहिला मान ह्याचा."

 मागं हरिचंदच्या बैलानं मान हलवली तेवढी घंटा वाजली.  संपलं, मनात म्हटलं, सगळं संपलं.

उकंडरावांनी तोंड उघडलं. "अहो पण हे तर बं..." आणि ते थांबले. मला त्यांच्या कपाळावर हिशेब दिसत होता. उस्ताद बहिरा ठरला तर त्यांचं 'दमदार' कुठं जाणार? आत्ताच तर सगळ्या जिल्ह्यात असा कान नाही म्हणून ओरडून झालं होतं. त्यांनी तोंड मिटलं. आजूबाजूला पाहिलं तर सगळ्यांचीच मिटलेली. गावातली निम्मी वाहनं ह्याच कानावर घेतलेली, आणि उरलेली निम्मी ह्याच कानावर विकलेली.

पाटील सगळ्यात आधी सावरले. "ऐकलं का?" ते म्हणाले. "मशीन इतकं मऊ हाय, का चालू हाय का बंद, तेच कळत न्हाई! उस्तादाच्याच कानाला कळतंय!"

"कळतंय बा," दोघं-चौघं म्हणाले.

"मंग मान झाला," दगडोबाकाकांनी काठी आपटली. "न्या तोरणाखालून."

आता पंचाईत. किल्ली फिरवावी तर बंद पडल्याची कबुलीच. पाटील स्टिअरिंगवर बसले आणि ऐटीत म्हणाले, "मानाची गाडी हातानं न्यायची असती. लावा हात." म्हणजे आता हात लावलेला चालत होता. आठ माणसं मागं लागली. हलगी कडाडली, गुलाल उडाला, आणि चारी सिलिंडर सारखे असलेली ती जीप ढकलत ढकलत तोरणाकडं निघाली. उकंडरावसुद्धा टाळ्या वाजवत होते.

बापूला कुणीतरी धरून वाटेतून बाजूला घेतलं, तेव्हा कुठं त्यानं डोळे उघडले. समोरून गाडी चालली होती, उघड्या बॉनेटमधला पंखा थांबलेला होता आणि आठ माणसं घामाघूम होऊन ढकलत होती. तो पाहत राहिला. त्याचा चेहरा पडला तो मी पाहिला, आणि मला त्या सगळ्या गावाचा असा राग आला की हातात पाना असता तर फेकून मारला असता. बापू दोन पावलं पुढं आला आणि त्यानं उघड्या इंजिनावर सरळ हात ठेवला. ढकलणारे थबकले. हलगी थांबली.

"गाडी बंद हाय," तो म्हणाला. बहिरी माणसं बोलतात तसा मोठ्यानं, सगळ्या वेशीला ऐकू जाईल असा. "आन् मला ऐकू येत न्हाई. दोन साल झाले, काईच ऐकू येत न्हाई."

मी पाठींची भिंत फोडून त्याच्यापाशी गेले, त्याचा दंड धरला. गप्प बस म्हणून खुणावलं. त्यानं माझा हात सोडवला नाही, उलट तोच वर धरला.

"इंजिन ही पोरगी ऐकती. माझी शिला. पाटलाचं मशीन हिनंच खोललं, दोनदा. उकंडरावाचं हिनंच बांधलं. दोन्ही हिच्यामुळं चालून राहिले. मी निस्ता उभा राहतो. उस्ताद ही हाय."

  सात वर्षांत हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं, त्यानंसुद्धा नाही.

मग पाटील हसले. त्यांना हसणं भागच होतं. दोनदा खोललेल्या इंजिनावर बसले होते ते. "ऐका! पोरगी इंजिन ऐकती म्हणे!" त्यावर उकंडराव हसले, पोट धरून. तीन वर्षांत ते दोघं एका गोष्टीवर एकत्र हसलेले मी पहिल्यांदा पाहिले. "उस्ताद, मजाक भारी करून राहिले तुमी!" ते म्हणाले. "पोरीनं बांधलं! वेणीनं बोर केला का वं?" मग सगळं गाव फुटलं. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती, कुणी टाळ्या पिटत होतं, कुणी शिट्टी मारली. सखुबाई पदर तोंडाला लावून हसत होती. बापू बहिरा आहे, हेही कुणाला पटलं नव्हतं. पटवून घेणं परवडणारं नव्हतं कुणाला.

बापूला त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. त्याला दिसत होते नुसते उघडे, हसरे चेहरे आणि वाजणाऱ्या टाळ्या. तो एकेका चेहऱ्याकडं पाहत होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. दोन वर्षांचं ओझं उतरल्यासारखा तो ताठ झाला होता. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मला पुढं ढकललं.

"नमस्कार कर, बेटा," तो म्हणाला. "किती कौतुक करून राहिले तुझं."

मी त्या हसणाऱ्या गावाला हात जोडले, आणि बापूला नीट दिसावं म्हणून चांगली कमरेत वाकले.